बोरडोहचा जोडीडोंगा

धरमपेठ, नागपूर
२७ नोव्हेंबर १९८३

प्रिय मधू,

तुझं पत्र दिवाळीच्या आदल्या दिवशी मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण तू सांगितलेलं काम मला नीट करायचं होतं. माझी खोड तुला माहीत आहे. शाळेत मुलींना साधा लंबक शिकवायचा असला तरी आदल्या संध्याकाळी मी घरी खिळ्याला दोरा बांधून पाहते. मग आठ माणसांना पाण्याच्या तळाशी सोडून पुन्हा वर घ्यायची होडी मी दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून कशी ठरवणार?

तू लिहिलं होतंस की मुंबईच्या तुमच्या पाणबुड्या क्लबला बोरडोहच्या तलावात उतरायचं आहे, इंग्रजांच्या काळात बांध उंचावला तेव्हा बुडालेलं ते देऊळ बघायचं आहे. आणि देवळाच्या पायरीवर आपल्या गोविंदच्या नावाची संगमरवरी पाटी ठेवायची आहे. त्यासाठी 'ताई, एक भरवशाची होडी तेवढी तू बघून ठेव. सिलिंडरं आणि माणसं घेऊन ती दिवसभर तलावाच्या मधोमध थांबली पाहिजे, आणि पाणबुड्या एका बाजूने चढून आत आला तरी कलंडता कामा नये.' तुझ्या पत्राबरोबर ते इंग्रजी मासिकातलं कात्रणही होतं. तू पाणबुड्या का झालास ते त्यात छापलं आहे. एकोणिसाव्या वर्षी जिवलग मित्र, म्हणजे आपला गोविंद, डोळ्यांदेखत बुडाला, त्याच्यासाठी तीनदा तळ गाठला, पण तो हाती लागला नाही, आणि तेव्हापासून पाण्याला भिणं सोडलं. मी ते आईला मराठीत सांगितलं. तिला आता फारसं दिसत नाही. तिने कात्रण हातात घेतलं आणि तुझा फोटो कुठे आहे ते विचारून त्यावरून बोटं फिरवली.

सामानाचं आधी सांगते. सिलिंडरं आणि हवा भरायचं यंत्र वाडीच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरवून घ्यायची व्यवस्था झाली आहे. तिथून खाप्यापर्यंत ट्रक आणि पुढे बैलगाडी. राहायला खाप्याला एका विणकर संस्थेची वरची माडी मिळाली आहे. आता होडीचं.

गेले तीन रविवार मी बोरडोहला जाऊन आले. सकाळी सावनेरची बस, तिथून खापा, पुढे जे मिळेल ते. तलावावर ढीवरांची, म्हणजे तिथल्या मासेमारांची, संस्था आहे, तिचे सेक्रेटरी रुपराव म्हणून आहेत, साधारण माझ्याच वयाचे. मी क्लबचं सांगितलं तर त्यांना आधी खरंच वाटेना. "पाण्याखाली जाऊन काय पाहाचं हाय त्याइले? उन्हाळ्यात या म्हणा, देऊळ फुकटात वरूनच दिसते." सिलिंडरं येणार म्हटल्यावर तर काठावर बसलेल्या सगळ्यांनाच हसू आलं. "गॅस घेऊन उतरून राहिले? सैपाक पाण्यातच हाय काय, बाई?" मीही हसले. त्या दिवशी मला मोकळेपणाने हसता येत होतं हे मुद्दाम लिहून ठेवते.

तिथे एका कंत्राटदाराची लोखंडी होडी आहे. दिसायला ती सगळ्यांत भारी, पण तळाचा पत्रा एका ठिकाणी माझ्या छत्रीच्या टोकाने दबला. ती मी बाद केली. एक फळ्यांची होडी आहे, ती चांगली आहे पण अरुंद. मी एका काठावर वाळूची पोती ठेवायला लावली तर दुसरा काठ हवेत. तुझा ओला, पाठीवर वजन घेतलेला माणूस कडेने चढला तर बाकीचे आपोआप पाण्यात. राहिला ढीवरांचा जोडीडोंगा. तू तो पाहिलेला आहेस, तरी सांगते. दोन खोडं आतून कोरून केलेले दोन डोंगे शेजारी शेजारी, आणि त्यांना जोडणारे दोन आडवे दांडे, एक पुढे, एक मागे. वरून दोराचे वेढे. मी पदर खोचून एका डोंग्याच्या अगदी कडेवर उभी राहिले, शेजारी वाळूची पोती रचली, मग रुपरावांना म्हटलं आता पलीकडून दोन माणसं उतरवा. जोडी नुसती सुस्कारा सोडल्यासारखी खाली गेली आणि थांबली. शिंगाडे काढणाऱ्या बायका काम टाकून बघत होत्या. एक म्हणाली, "बाई त पाणकोंबडीवानी उभ्या हाय वं!" मला फार बरं वाटलं. तुझी होडी मिळाली असं मी त्याच वेळी ठरवून टाकलं होतं.

पण एक परीक्षा राहिली होती, आणि ती राहू देणं मला शक्य नव्हतं. बावीस वर्षं आपल्या घरात एक वाक्य आहे: दोर कुजका होता. तू कोर्टात तेच सांगितलंस. डोंगेवाला दारू प्यायलेला होता, त्याच्या दोराला कुजका वास येत होता, तलावाच्या मध्यावर दोर तुटला, जोडी फुटली आणि गोविंद एकट्या डोंग्यातून उलटून गेला. बाबा कोर्टातून आले तेव्हा त्यांनी चपला न काढता आईला हे सांगितलं होतं. तेव्हा मी रुपरावांना म्हटलं की मला दोर तुटल्यावर काय होतं ते बघायचं आहे. पाण्यावर, माणसं बसलेली असताना. दोर कापा, नवा मी आणून देते. त्यांनी कोयता आणवला आणि आम्ही काठापासून थोडे आत गेलो. त्यांनी पुढचे वेढे कापले. काही झालं नाही. मागचे कापले. तरी काही झालं नाही. कापलेला दोर पाण्यात लोंबत होता आणि जोडी जशीच्या तशी. मी हातांनी डोंगे एकमेकांपासून ढकलून पाहिले, मग पायांनी. रुपराव हसायला लागले. "दोर त वल्हं अटकवाले हाय, बाई. जोडी धरते ते खुंटी." त्यांनी वाकून दाखवलं. आडव्या दांड्याची टोकं डोंग्याच्या काठात कोरलेल्या खाचेत बसतात आणि आतून लाकडी खुंटी ठोकलेली असते. पाण्याने ती फुगते आणि जास्तच घट्ट होते. "दोर तुटो, सडो, कुत्र्यानं खावो, जोडी नाही फुटत. खुंटी काढली तरच फुटते. अन् खुंटी काढाले आत बसलेल्याचाच हात लागते."

मी त्या डोंग्यात खाली बसले, मधू. पायाशी पाणी होतं आणि माझी साडी भिजते आहे हे मला दिसत होतं, पण ती कोणाची तरी दुसऱ्याची असावी तसं.

काठावर आल्यावर मी विचारलं, एकसष्ट साली इथे नागपूरचा एक कॉलेजातला मुलगा बुडाला, तेव्हा दोर तुटून जोडी फुटली म्हणतात. रुपरावांचं हसू गेलं. "तुम्ही कोन त्याच्या?" मी म्हटलं, बहीण. तेव्हा शिंगाड्यांच्या वेलांतून एक म्हातारी कमरेएवढ्या पाण्यातून बाहेर आली, हात लुगड्याला पुसत. रुखमाबाई तिचं नाव. डोंगेवाल्या नत्थूजींची बायको. त्या दिवशीही ती तिथेच शिंगाडे काढत होती.

तिचं बोलणं मी तिच्याच शब्दांत लिहिते, म्हणजे माझ्या रागाची भर त्यात पडायला नको. "दोर तुटला म्हणते कोन? माहा मालक वरती लांब बांबू आणाले गेला होता. सांगून गेला, हलू नका गा, आलोच म्हणून. मांगच्या पोरानं जोडी आत लोटली अन् गोट्यानं ठोकून ठोकून खुंट्या काढल्या. शर्यत लावून राहिले होते, त्या पाण्यातल्या टेकडीपावतर. म्या आरडली, खुंटी काहून काढतं रे बाप्पा? त हासला माह्याकडे पाहून. पुढचं लेकरू भेत होतं, दोन्ही हातांनं काठ धरून होतं. जोडी फुटली अन् त्याचा डोंगा एक गिरकी घेऊन पालथा." मी विचारलं, मग मागच्या मुलाने उडी मारली असेल ना? "तो कुठची उडी मारते! डोंगा रेटत टेकडीवर गेला अन् बसला कुडकुडत. माह्या मालकानं दिवस मावळेपावतर बुड्या मारल्या. त्यानंच काढला तुमचा भाऊ. बाहेर आला तं हातपाय वाकडे झाले होते थंडीनं, कोणीतरी दोन घोट पाजले. मग वास त येईनच." आणि कोर्टात तिने हे सांगितलं नाही का, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "सांगतलं नं. साहेब म्हणे, तू त बायको हायस. दोर नेला टेबलावर ठेवाले. खुंटी कोणीच नाही मागतली."

तू म्हणशील, बायकोची साक्ष. मीही आधी तेच म्हटलं. घरी येऊन दोन रात्री मी तुझ्या बाजूने वकिली केली. गोविंदने स्वतःच खुंट्या काढल्या असतील? चारही खाचा मागे बसणाऱ्याच्या हाताशी येत नाहीत, तेव्हा पुढच्या त्याने भिऊन काठ धरायच्या आधी काढल्या असतील, पण त्याही तू सांगितलंस म्हणून. तसं मी धरून चालले. म्हातारीला इतक्या वर्षांनी भास झाला असेल? मग दुसऱ्या रविवारी मी इतर बायकांना एकेकीला वेगळं गाठून विचारलं. त्यातल्या दोघी त्या दिवशी तिथे होत्या. शर्टाच्या रंगावर त्यांचं जमेना, बाकी सगळं जमलं. आणि बायका राहू देत. कापलेल्या दोराने न फुटणारी जोडी मी माझ्या पायांनी ढकलून पाहिली आहे. ती कोणाची बायको नाही.

आता हे नीट वाच. एकोणीस वर्षांच्या मुलाने गंमत म्हणून खुंटी काढली, यासाठी मी तुला काही म्हणत नाही. गोविंदही असलेच खेळ करायचा. तू भ्यालास, उडी मारली नाहीस, यासाठीही नाही. मला पोहता येत नाही, मीही मारली नसती. पण तू काठावर आलास, गोविंदला खांद्यावरून आणणारा माणूस पाहिलास, आणि त्याच्याच तोंडाच्या वासाची साक्ष दिलीस. नत्थूजी दीड वर्ष तुरुंगात होते. त्यांचा तलावावरचा ठेका गेला. रुखमाबाईने सावनेरकडच्या खाणीवर कोळशाच्या पाट्या वाहिल्या. त्यांच्या मुलीचं जमलेलं लग्न मोडलं, कारण बापाचं नाव खाप्यापर्यंत 'बुडव्या' पडलं होतं. त्याच दीड वर्षात तू आमच्या घरी जेवत होतास. आईने गोविंदची सायकल तुला दिली. पहिल्या भाऊबीजेला मी ताट घेऊन आत रडत बसले होते तेव्हा आई म्हणाली, मधूला बसव पाटावर, देवाने एक नेला, एक ठेवला. मी तुला ओवाळलं. तू मान खाली घातली होतीस. ते मला दुःख वाटलं होतं.

मला तपासून पाहायची सवय आहे म्हणून हेही तपासलं, की मला हवं आहे ते काय. आधी मी त्याला न्याय म्हटलं. रोजनिशीत दोन पानं भरून लिहिलं आणि खोडलं, कारण वाचताना शाळेतल्या निबंधासारखं वाटायला लागलं. न्यायाने नत्थूजींचं दीड वर्ष येत नाही. मला तुझी मान पुन्हा खाली गेलेली बघायची आहे आणि या वेळी ती का गेली हे सगळ्यांना माहीत असायला हवं आहे. याला सूड म्हणतात. शब्द मला आवडत नाही, पण दुसरा बसत नाही.

तिसऱ्या रविवारी मी रुपरावांना क्लबच्या प्रमुखाचं, म्हणजे तुझं, नाव सांगितलं. तोवर कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी संस्थेची माणसं तिथेच झाडाखाली बोलावली. बरीच गडबड झाली. एक तरुण म्हणाला, "त्याले कंत्राटदाराच्या लोखंडीत बसवा, देऊळ लवकर दिसन." सगळे हसले, नत्थूजी सोडून. ते एका बाजूला जाळं विणत बसले होते. आता सत्तरीच्या घरात आहेत, कानाने थोडे कमी. त्यांनी वर न बघता सांगितलं, "येऊ द्या गा. माह्या जोडीत बसवतो मी. पण पाण्याले सांगन, तव्हा."

हे 'पाण्याला सांगणं' मला माहीत नव्हतं. बोरडोहला अशी रीत आहे की ज्याच्या सोबतीने कोणी बुडालं, त्याने पुन्हा त्या पाण्यावर जायचं तर आधी गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, डोंग्याच्या काठावर हात ठेवायचा आणि गेलेल्याचं नाव घेऊन तो कसा गेला ते मोठ्याने सांगायचं. देवाधर्माचं त्यात काही नाही, नारळ नाही, उदबत्ती नाही. काठावर गाव असतं. सांगणारा चुकला किंवा त्याने काही गाळलं तर काठावरचा कोणीही 'चूक' म्हणून त्याला थांबवतो, आणि त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. बरोबर होईपर्यंत कोणी वल्हं उचलत नाही. नत्थूजी तुरुंगातून आले तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, आणि काठावरून कोणी चूक म्हणालं नाही. बोरडोहचा निकाल तेव्हाच लागला. तो नागपूरला पोचायला मला होडी शोधत जावं लागलं. आजही हंगामाचा पहिला डोंगा सोडताना ते सांगतात. मी त्यांना म्हटलं, मला ऐकायचं आहे. त्यांनी जाळं ठेवलं, माझ्यासाठी पाण्यात उतरले, आणि म्हणाले, "नागपूरचा गोविंदा, माह्या जोडीतून गेला. मी वरती होतो. खुंटी म्या नाही काढली. माह्या हातानं मी त्याले वर आणला." माझ्या भावाचं नाव मी इतक्या वर्षांत इतक्या सरळ आवाजात ऐकलं नव्हतं.

तुमच्या क्लबच्या सेक्रेटरी श्रीमती सबनीस यांना मी होडीचा सगळा तपशील कळवला आणि या रिवाजाबद्दलही लिहिलं. गोविंदच्या पाटीच्या आधी क्लबच्या प्रमुखाला एवढं करावं लागेल, म्हटलं. कारण लिहिलं नाही. खोटंही लिहिलं नाही. त्यांचं उत्तर काल आलं. फार गोड बाई दिसतात. त्यांना हा प्रकार अतिशय हृद्य वाटला. त्यांनी तो छापील कार्यक्रमात घातला आहे, सिनेमाचा कॅमेरा आणणार आहेत, आणि त्या मासिकाचा वार्ताहरही येतो आहे. त्यांनी लिहिलं आहे की तुझ्याइतकं चांगलं हे दुसरं कोणी करू शकणार नाही. आईही येईल. तिला या वयात हे ऐकवावं का, याचा मी खूप विचार केला, आणि अजूनही माझी खात्री नाही. पण तिने बावीस वर्षं चुकीच्या माणसाला शाप दिले आहेत, रोज संध्याकाळी, दिवा लावताना. ते थांबवायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. तिच्यासाठी खुर्ची रुखमाबाईच्या शेजारी ठेवायची आहे. तिला दिसत नाही, ऐकू मात्र स्वच्छ येतं.

मग सबनीसबाईंना सगळं कळवल्यावर तुला हे वेगळं पत्र कशाला? तुला तिथे नेऊन अचानक गाठणं सोपं होतं, आणि तसं करावं असं मला एक पूर्ण दिवस वाटलंही. पण नत्थूजींना तसंच गाठलं होतं. त्या सकाळी कोर्टात जाताना त्यांना वाटत होतं की मुलाला वर कसं काढलं तेवढं विचारतील. तुझ्या बाबतीत तसं नको. तुला आजपासून सगळं माहीत असावं. कार्यक्रम अठरा डिसेंबरला आहे, तोवर तुला दिवस आहेत. यायचं नसेल तर का नाही ते सबनीसबाईंना तू सांग, मी सांगणार नाही. यायचं असेल तर काय सांगायचं याची रोज रात्री जुळवाजुळव कर, वाक्यं फिरवून बघ, कुठे काही गाळता येतं का बघ, आणि मग काठावर कोण कोण बसलेलं असेल ते आठव. हे दिवस तुला मिळावेत एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं. होडी अगदी भरवशाची आहे, त्याची काळजी करू नकोस. डिसेंबरात पाणी फार गार असतं, तेव्हा गुडघ्यापर्यंत दुमडता येईल अशी पँट आण.

तुझीच,
पुष्पाताई